उमेशचे अस्सल केस

कैनाडच्या शीतलला बघायला उमेश टोपी घालून गेला होता. टोपीखालचं टक्कल मुलीकडच्यांना कळलं तर जमलेलं लग्न मोडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मित्र नितीन म्हणाला, "अरे, माझ्यासारखा विग लाव ना! मांडवात कोणाला कळतंय?" पण उमेशला अस्सल केस हवे होते. वापीला जाऊन त्याने ते डोक्यात रोवून घेतले. त्यासाठी डॉक्टरने आधी सगळं डोकं भादरलं आणि वर टोपी घालायलाही मनाई केली.

परतताना डहाणूच्या बाजारात होणारे सासरे समोर आले. त्याचा गोटा बघून त्यांच्या हातातली पिशवीच गळाली.

"अरे देवा! घरात कोण गेलं रे?"

खरं सांगायची सोय नव्हती. उमेशने मान खाली घातली.

"बाबा."

सासरे तिथेच रडले. म्हणाले, "लग्न काय, वर्षभराने करू. बाराव्याला आम्ही सगळे येतो."

सायवनला घरी पोचताच उमेशने बापाला माळ्यावर चढवलं आणि शिडी काढून घेतली.


"बाबा, केस यायला आठ महिने लागतील. तोवर खोकू नका, बाराव्याचं ताट वरच देतो."