दुसरी चावी

भर दुपारी सर्बियातल्या झायेचारच्या बाजारात रास्तको चोरायच्या गाडीत बसला. नंबरप्लेट त्याने आधीच बदलली होती. नकली चावी फिरली, पण इंजिन धरेना. चावीत गाडीला ओळख पटवणारी चिप नव्हती, त्यामुळे गाडी त्याला हिंग लावून विचारत नव्हती.

तो उतरून पळणार, तेवढ्यात समोरच्या खानावळीतून तीन बाप्ये हातातले पत्ते टाकून धावत आले. बंद पडलेली गाडी दिसली की या गावात कोणाला बसवतच नाही.

"राहू द्या काका, मेकॅनिकला बोलावतो."

"मेकॅनिक कशाला? आम्ही मेलो का?" जाडे वितोमिरकाका ओरडले. "न्यूट्रल टाक!"

ढकलत ढकलत त्यांनी गाडी चर्चपर्यंत नेली. चौकातला पोलीसही टोपी काढून धक्क्याला लागला. गाडी ढिम्म. आत रास्तकोला दरदरून घाम.

"थांब रे पोरा," काका धापा टाकत खिडकीशी आले. "तुझी चावीच गंडलीय. माझी पण डिट्टो हीच गाडी, आज बायको पार्लरला घेऊन गेलीय. ही माझ्याकडची दुसरी चावी लावून बघ."

लावली आणि इंजिन झटक्यात सुरू झालं. पोलिसाने टाळ्या वाजवल्या. काकांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

"आयला, म्हणजे चिपबिप सगळ्या थापा! माझी गाडी तर कोणीही उचलून नेईल की!"

आणि चावी तशीच सोडून काका पार्लरकडे पळत सुटले, बायकोला सांगायला, की गाडीवरची नजर अजिबात हलवू नकोस.