हरकत नाही ना?

"आधी पॉइंटरमधला मेमरीचा पत्ता वापरायचा आणि मग तो रिकामा आहे का ते तपासायचं? वा रे शहाण्या!" ऑफिसात प्रोग्रॅममधली चूक दाखवत तिने सहकाऱ्याला फैलावर घेतलं होतं. "आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर म्हणतो, वापरला म्हणजे रिकामा नसणारच. मग तो तुझी तपासणीची ओळच उडवून टाकतो. त्यानंतर प्रोग्रॅम वाट्टेल ते करेल, तेव्हा बोंबलत माझ्याकडे यायचं नाही."

तापलेलं डोकं घेऊन ती घरी आली, तर तिच्या कामाच्या खोलीत दीर पाय पसरून बसलेला, कपाटात त्याचे शर्ट आणि तिचे दोन्ही मॉनिटर बाल्कनीत. नवरा तोंडभर हसला.

"भाऊ आता इथेच राहणार. तुझी हरकत नाही ना?"

"वहिनी कशाला नाही म्हणेल?" दिराने परस्पर निकालही लावून टाकला.

दोघे भाऊ खुशीत बाहेर जेवायला गेले. परत आले, तर काही केल्या किल्ली कुलपात जाईना. नवऱ्याने दार बडवलं.


आतून तिचा शांत आवाज आला, "कुलूप बदललंय. तुमची हरकत नाही ना?"