राहुकाळ सरेपर्यंत

"बंद केलं तर परत उठणार न्हाई हे," भुजंग म्हणाला. त्यानं संगणकाच्या डब्याला कान लावला होता. "डिस्क करकर करून राहिलीय. चालू हाय तोवरच तिची नक्कल काढून घ्यावी लागंल."

महादेवप्पानं मान हलवली. मुलींच्या वसतिगृहाचं ते ऑफिस चार माणसांनाही अपुरं होतं. खुर्चीत नांदेडहून बोलावलेला संगणकवाला भुजंग, दाराशी रेक्टर चन्नबसप्पा, भिंतीला टेकून महादेवप्पा आणि स्टुलावर त्याची बायको कमलम्मा, तोंडाला पदर लावून.

मागच्या बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास त्यांची मुलगी ऋतुजा याच इमारतीच्या गच्चीवरून पडली होती. मेडिकलच्या परीक्षेसाठी दोन वर्षं लातुरात होती. पाय घसरला, असं चन्नबसप्पानं सांगितलं. महादेवप्पा त्या दिवशी उदगीरला दुकानाचा माल भरायला गेला होता. रेणापूरला घरी पोचला तेव्हा कमलम्मा उंबऱ्यात बसलेली, पायात चपला तशाच. तिनं ती बातमी एकटीनं ऐकली, हे त्याला अजून टोचत होतं.

मूठमाती देऊन परतताना ऋतुजाच्या खोलीतली साक्षी त्याला हळूच म्हणाली होती, "काका, त्या दुपारी तिला कुणीतरी भेटायला आलं होतं. मी खाली नळावर होते. वरून भांडल्याचा आवाज आला."

त्या एका वाक्यावर तो आठवडाभर तगून होता. कोण आलं होतं? खोल्यांपुढच्या बोळात कॅमेरा होता, त्याचं चित्रण याच संगणकात. चन्नबसप्पा आज बघू, उद्या बघू करत राहिला, आणि महादेवप्पाचा संशय त्याच्यावरच बसला.

"हितंच लावून बघता येत न्हाई का?" त्यानं विचारलं.

"लावलं की मशीन अडकून बसतंय. आधी नक्कल, मग माझ्या लॅपटॉपवर बघा. मी बटण दाबलं की त्या घडीला डिस्कवर जे हाय ते सगळं धरलं जातं. मग मशीन आपलं काम करत राहू दे खुशाल."

"काम म्हंजे?"

"कॅमेरे चालूच हायत ना. डिस्क भरलीय. हिच्यात आठवडाभराचंच मावतं. नवं आलं की तेवढं जुनं पुसलं जातं. आत्ता सव्वाबारा झालेत, म्हंजे सगळ्यात जुनं मागच्या बुधवारचं, सव्वाबाराच्या पुढचं."

"पोरगी तीनला पडली. म्हंजे हाय त्यात."

"हाय की."

कमलम्मानं तोंडावरचा पदर खाली घेतला. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली. "आवाज पण येतो का त्यात?"

"येतो काकू."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "मग आत्ता नका दाबू. राहुकाळ चालू हाय. दीड वाजू द्या."

महादेवप्पा तिच्याकडे बघतच राहिला. गळ्यात लिंग बांधणारं लिंगायत घर त्यांचं. त्यांचं लग्नसुद्धा पंचांग न उघडता लागलं होतं. "कमल, आपल्यात कसला आलाय राहुकाळ?"

"आजवर न्हाईच पाळला," ती म्हणाली. "काय झालं बघितलं न्हवं?"

दीडपर्यंतचं पुसलं गेलं तरी तीनचं शाबूत राहत होतं. तिचं मन राखलं तर बिघडत काय होतं? "थांब बाबा दीडपर्यंत," तो म्हणाला.

भुजंगनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"चहा सांगू?" चन्नबसप्पानं विचारलं.

"तुमचा चहा नको," महादेवप्पा म्हणाला. "त्या दुपारी कुठं होता ते सांगा."

"निलंग्याला. लग्नात. कितीदा सांगू?"

"पत्रिका दाखवा."

"जेवून आलेल्या लग्नाची पत्रिका कोण जपून ठेवतंय, मालक?"

भुजंगला हसू आलं, ते त्यानं गिळलं. पंखा फिरत होता. डिस्कची करकर मधेच थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची, आणि थांबली की महादेवप्पा डब्याकडे वाकायचा. कमलम्मा मात्र घड्याळावरून नजर काढत नव्हती. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल, असं त्याला वाटलं.

दीड वाजला. "दाबा आता," ती म्हणाली. तिचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा आला.

नक्कल पुरी झाल्यावर भुजंगनं लॅपटॉप उघडला आणि दीडपासूनचं चित्र पुढे पळवत दाखवलं. बोळ रिकामा. ऋतुजाच्या खोलीचं दार बंद. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. तीनच्या जरा आधी दार उघडलं. ऋतुजा बाहेर आली, दार नीट ओढून घेतलं आणि जिना चढून गेली. एकटी.

महादेवप्पानं भिंतीला हात लावला. चन्नबसप्पा जमिनीकडे बघत राहिला.

"बघितलं?" कमलम्मा म्हणाली. "कुणी न्हवतं आलं. उगी लोकांवर आळ घेऊ नका. चला घरी."

"साक्षी खोटं कशाला बोलंल?" महादेवप्पा पुटपुटला. "दीडच्या आधीच आलं आसंल कुणीतरी. आपणच घालवलं ते, राहुकाळापायी. माझ्या हातानं घालवलं."

त्याचा चेहरा भुजंगला बघवेना. तो खाकरला. "काका, रागावू नका. काकू राहुकाळ म्हणाल्या तवा माझं बटण दाबून झालं होतं. चालू मशीनची नक्कल निघताना कुणाला दिसत न्हाई. त्यांचं मन कशाला मोडा, म्हणून गप बसलो. दीडला नुसतं दाबल्यासारखं केलं. सव्वाबारापासूनचं सगळं हाय ह्यात."

"लाव," महादेवप्पा म्हणाला.

"नको." कमलम्मा इतक्या घाईनं उठली की स्टूल कलंडलं. "अहो, नको. पाया पडते. घरी जाऊ आपण."

पण भुजंगनं लावलं होतं. चित्र उमटायला वेळ लागला. आधी आवाज आला.

"डॉक्टर झाल्याबिगर घरात पाऊल टाकू नको. मेलीस तरी चालंल."

तो आवाज महादेवप्पा लग्न झाल्यापासून रोज ऐकत आला होता.