वरचा दांडा, खालचा दांडा

टण्ण करून आवाज झाला आणि ग्वेनने शिट्टी फुंकली.

चेंडू दांड्यावरून उसळून खाली येत होता. यारेत्सीने उडी मारून तो डोक्याने जाळ्यात घातला. तिच्या संघातल्या, कोल्डक्रीक शाळेच्या पोरी किंचाळत तिच्या अंगावर पडल्या. समोरच्या गोलकीपरने मात्र जाळ्यातला चेंडू उचलला आणि आता आपलीच किक असल्यासारखा गवतावर मांडून ठेवला. शिट्टी आपल्याच बाजूने वाजली, असं दोन्ही संघांना वाटत होतं.

सामन्याची पंच ग्वेन टॉलिव्हर शिट्टी दातांत धरून उभी राहिली. ती आपण कशासाठी फुंकली, हे तिचं तिलाच सांगता येईना.

पोरी खेळत होत्या सॉकर, पण मैदान होतं अमेरिकन फुटबॉलवाल्यांचं, हेल्मेट घालून अंगावर धावून जाणाऱ्यांचं. त्यांच्या रेघा पांढऱ्या, पोरींच्या पिवळ्या. गोलसुद्धा एकाला एक जोडलेले. खाली सॉकरचा आडवा दांडा, त्याच्या जेमतेम दोन फूट वर फुटबॉलचा. चेंडू खालच्याला लागून परत आला तर खेळ चालू. वरच्याला लागला तर तो मैदानाबाहेर गेला असं धरायचं आणि खेळ थांबवायचा. नियम सोपा होता. पण सफरचंदांच्या बागांमागे उतरणारा सूर्य नेमका त्या दोन दांड्यांच्या मधून ग्वेनच्या डोळ्यांवर येत होता.

एक-एक अशी बरोबरी होती. सामना संपत आला होता. जिंकेल तो संघ राज्यस्तरावर जाणार, हरणाऱ्यांचा मोसम इथेच संपणार.

"अहो, गोल आहे! बघत काय उभ्या राहिलात?" कोल्डक्रीकची कोच अरासेली कडेने ओरडली. प्रेक्षकांतून कुणीतरी टोमणा हाणला, "ए बाई, डोळे भाड्याने दिलेस का?"

रेघेवरचा दुसरा पंच, म्हातारा डेल्मर, झेंडा सावरत, धापा टाकत आला.

"कुठला दांडा?" तिने हळूच विचारलं.

"पोरी, माझ्या बाजूने दोन्ही दांडे एकच दिसतात. आणि खरं सांगू? मी पिवळ्या रेघेवर आहे असं समजून पांढरीवरच उभा होतो."

"मग तुला दिसलं काय?"

"एवढंच दिसलं. तू शिट्टी वाजवलीस तेव्हा चेंडू हवेत होता. त्या मुलीचं डोकं लागायच्या आधी."

"नक्की?"

"तेवढं नक्की."

म्हणजे शिट्टी गोलची नव्हती. आवाज ऐकूनच फुंकली गेली होती. पूर्वार्धात एकदा चेंडू वरच्या दांड्याला लागला होता, तेव्हाही असंच टण्ण झालं होतं. पण तेव्हा तिने बघितलं होतं. आत्ता बघितलं होतं का? तिने डोळे मिटून चेंडू पुन्हा आठवून पाहिला. एकदा तो वरच्या दांड्याला लागला, एकदा खालच्याला.

ती अरासेलीकडे गेली. "गोल नाही."

"म्हणजे वरचा दांडा?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"शिट्टी आधी वाजली. शिट्टीनंतर झालेलं काही धरता येत नाही."

"अहो, पण ती वाजवली कुणी?"

"मीच," ग्वेन म्हणाली.

अरासेली तिच्याकडे बघतच राहिली. ग्वेनने चेंडू गोलकीपरच्या हातात दिला आणि खेळ सुरू केला. वेळ संपली तेव्हाही बरोबरीच होती. जादा वेळेतल्या पहिल्याच चढाईत समोरच्या, पाहुण्या संघाने गोल केला. त्या गोलबद्दल कुणालाच शंका नव्हती.

अरासेली हात न मिळवता निघून गेली. डेल्मर झेंडे घेऊन गाडीकडे वळला. ग्वेन बूट सोडायला गोलच्या खांबापाशी टेकली, तेव्हा यारेत्सी समोर येऊन उभी राहिली. रडून नाक लाल झालेलं, पण रडणं आटोपलेलं.

"मॅडम, ते कोचना म्हणालात ते खरं? खरंच माहीत नाही तुम्हाला?"

"खरंच नाही गं. शिट्टी फुंकायला नको होती मी. किंवा हवी होती. तुला दिसलं होतं?"

"मी तर डोळे मिटूनच उडी मारली." तिला एकदम हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. "घरी सगळे विचारणार. मी काय सांगू?"

कुंपणापाशी एक चेंडू राहिला होता. तो ग्वेनने उचलून आणला.

"थांबा," यारेत्सी म्हणाली. "मी पाठ फिरवते. मग मारा."

ग्वेनने चेंडू वर भिरकावला. टण्ण.

"खालचा," यारेत्सी ठासून म्हणाली.

वरच्या दांड्याला लागला होता. यारेत्सी वळली आणि ग्वेनच्या चेहऱ्याकडे बघून समजली.

"परत," ती म्हणाली.

या खेपेला खालच्याला लागला. यारेत्सी म्हणाली, "वरचा." आणि वळून न बघता पुढे म्हणाली, "चुकलं ना?"

"चुकलं."

यारेत्सीने चेंडू तिच्या हातातून काढून घेतला. "आता तुम्ही."

ग्वेन वळली. समोर रिकाम्या बाकांवर कुणाची तरी पिवळी टोपी राहिली होती. मागे पोरीच्या बुटांचा गवतावर दोन-तीन वेळा आवाज झाला, मग काहीच नाही, आणि मग टण्ण.

"सांगा, मॅडम," मागून आवाज आला.