आवळलेली स्प्रिंग

नागभीडच्या गॅरेजात जलालुद्दीन मिस्त्री ट्रॅक्टरच्या इंजिनाचं हेड खोलत होता. ट्रॅक्टरचा मालक सुरेंद्र समोर स्टुलावर बसून सकाळपासून डोकं खात होता.

"जलालभाऊ, धानाचा रोवणा अडून राह्यला माहा, आजच्या आज…"

मिस्त्रीनं वॉल्व्हच्या स्प्रिंगवर ती दाबायचा शिकंजा आवळला. बडबड थांबली. वॉल्व्ह स्प्रिंगमध्ये अडकवून ठेवणारे दोन बारीक लॉक निघेनात म्हणून त्यानं शिकंजा सैल केला.

"…ट्रॅक्टर पायजे मले," सुरेंद्र म्हणाला, जणू मधे थांबलाच नव्हता.

पुन्हा आवळला. गप्प. सोडला. बडबड.

मिस्त्रीला गंमत वाटली. या खेपेला त्यानं शिकंजा पार घट्ट आवळला, लाखोळीच्या दाण्याएवढे दोन्ही लॉक काढून तळहातावर घेतले आणि ती शांतता मजेत ऐकत राहिला.

मग त्यानं मान वर केली.

सुरेंद्रची छाती फुगलेली होती, खाली येत नव्हती. ओठ जांभळे पडले होते. नजर शिकंज्यावर होती.

"थांब भाऊ, सोडतो, सोडतो!"

पण लॉक बसवल्याशिवाय स्प्रिंग सोडली, तर वॉल्व्ह सुटून खाली पडतो; मग सुरेंद्रचा जीवही तसाच सुटला तर? त्यानं घाईघाईनं एक लॉक बसवला.

दुसरा तेलकट बोटांतून निसटला, फरशीवर टणकन वाजला आणि भंगाराच्या ढिगाखाली घरंगळत गेला.

सुरेंद्रचे डोळे त्या लॉकमागं वळले.