तेलातली वाळू

कॉम्प्रेसर दुसऱ्यांदा अडकला तेव्हा गंगारामाने त्याच्या पोटातले तेल डब्यात काढले, बोट बुडवले आणि अंगठ्यावर चोळून पाहिले. कचकच लागली. वाळू! मूठभर तरी असेल. तेलाचे झाकण मात्र लखलखीत पुसून, नीट आवळून बसवलेले. चोराला टापटिपीची हौस!

पहिल्यांदा अडकला तेव्हा त्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारला होता. वस्तू जुनी, लष्कराच्या मोडीतली. मुंबईहून आगबोटीने मालवणला आणि तिथून बैलगाडीने तोंडवलीला आणलेली. टाकीचा गंज खरवडला, व्हॉल्व्ह घासले, नव्या रिंगा घातल्या, साबणाचा फेस लावून गळती शोधली. घरामागच्या मांगरात, जिथे एरवी गवत आणि नांगर पडलेले असत, तिथे त्याला या कॉम्प्रेसरच्या हवेवर स्वतःचा कारखाना काढायचा होता. मच्छीमारांच्या होड्यांना आता इंजिने लागत होती. दुरुस्तीला माणूस मात्र नव्हता.

मुंबईत फिटर म्हणून अकरा वर्षे राबला होता तो, एका खोलीत वीस जणांबरोबर. बायको सुगंधा गावीच. लग्नात कबूल केल्याप्रमाणे तिला मुंबईला न्यायचे राहूनच गेले. आता तोच घरी आला, म्हणजे तो प्रश्न मिटलाच की!

होळी झाली आणि फोरमनचे पत्र आले. अक्षय तृतीयेपर्यंत परत आलास तर जागा तुझीच, शिवाय चाळीत एक खोली, बायकोलाही घेऊन ये. गंगारामाने पत्र वाचून दाखवले आणि मोठ्याने हसला.

“खोलयेत नळ आसा?” सुगंधाने विचारले.

“आसा तर! पण आता आपणाक कित्याक व्हयी ती खोली? ह्यो कॉम्प्रेसर चललो काय मी खंय जातंय?”

“आणि नाय चललो तर?”

“नाय चललो तर मुंबय. दुसरा काय करतलंय?”

ती घागर उचलून विहिरीवर गेली. दुसऱ्या दिवशी तिने लोखंडी पेटी माळ्यावरून काढली, पुसली, कडीला तेल घातले. गुणाची बायको, दोन्हीकडची तयारी ठेवणारी.

त्यानंतरच्या आठवड्यात कॉम्प्रेसर पहिल्यांदा अडकला. आणि आज ही वाळू.

घातली कोणी? मांगरात रोज येणारा एकच माणूस, बाबली. लहानपणापासूनचा मित्र, एका ताटात जेवलेला. गावात सायकलींचे दुकान त्याचे, आणि हवा भरायचा पंपही पंचक्रोशीत त्याच्याकडेच. “तुझी मशीन चलली काय माझो धंदो बुडालो बघ,” असे तो हसत हसत म्हणायचा. ते हसणे गंगारामाला आता आठवले आणि अंगाची लाही लाही झाली.

“बाबल्या, खरा सांग. वाळू तू घातलंस?”

नेहमीसारखा मदतीला आलेल्या बाबलीने हातातला पाना खाली ठेवला. “गंग्या, तुका येड लागला काय?”

“मांगरात आपण दोगाच असतो. तिसरो कोण येता?”

तेवढ्यात सुगंधा रोजच्यासारखी चहाचे पेले घेऊन दारात आली.

“वैनी, तुमी तरी ह्येका सांगा!” बाबली म्हणाला.

सुगंधाने पेले खाली ठेवले. “भांडान काय मशीन बरी होतली?” ती नवऱ्याला म्हणाली. “नशिबात मुंबयच आसात तर जावंया.”

“तू गप रव गो! आणि तू भायर हो, बाबल्या. पुन्हा माझ्या गडग्याच्या आत पाय टाकू नको.”

बाबली चहा न पिताच गेला. परक्याने केले असते तर सोसले असते. भाऊ म्हणून जवळ केला त्यानेच केसाने गळा कापला होता.

त्याने एकट्याने सगळे पुन्हा खोलले, धुतले, घासले. सिलिंडर आता आणखी घासण्याजोगा उरला नव्हता. या खेपेला चरे पडले की कॉम्प्रेसर भंगारात. म्हणून त्याने मांगराला कुलूप घातले आणि किल्ली सुगंधाच्या हवाली केली. जगात भरवशाचे माणूस तेवढे एकच उरले होते.

अक्षय तृतीया चार दिवसांवर आली तेव्हा यंत्र सुरू करण्याआधी त्याने त्याला हळदकुंकू लावले, शेजारपाजार बोलावला आणि देवाला गाऱ्हाणे घालायला आपले चुलते दाजी यांना आणले. गाऱ्हाणे घालावे ते दाजींनीच. देवाची झोपमोड व्हावी असा त्यांचा गळा. सुगंधा ओवाळणीचे ताट घेऊन मागे उभी राहिली. बाबलीला आमंत्रण नव्हते, तरी तो कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे येऊन उभा होता. निर्लज्ज!

गंगाराम दाजींच्या कानाशी लागला.

“येवढा कित्याक रे?” दाजी दचकून म्हणाले.

“घाला तुमी.”

दाजींनी नारळ हातात धरला. “बा देवा म्हाराजा! ह्या घरातल्या माणसांका सुखान ठेव. कोणाची वायट नजर आसात तर ती बारा वाटेन उडवन टाक रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे एका सुरात म्हणाले. त्यात सुगंधाचा आवाज खणखणीत.

“आणि ज्या कोणी ह्या मशीनीत वाळू घातल्यान आसात, तेचो उजवो हात लुळो पडांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

गडग्यापलीकडून बाबलीचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. उजवा हात आभाळाकडे करून तो ओरडला होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

गंगाराम चपापला. देवासमोर खोटे बोलायची बाबलीची छाती नव्हती, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? मग आत्ताच्या गलक्यात एक आवाज कमी होता, तेही त्याच्या ध्यानात आले. त्याने मागे वळून पाहिले.

सुगंधा ओवाळणीचे ताट उजव्या हातातून डाव्या हातात घेत होती.