आगाऊ पंचनामा

तलाठी कावेरी भांगरे यांनी हौसाबाई गभाल्यांच्या ओट्यावर कागद पसरले. दरड कोसळायला अजून अकरा दिवस होते, पण राष्ट्रीय आपत्ती आराखड्यानुसार पंचनामा आधीच करून ठेवायचा असे. दरडींचं भाकीत करणाऱ्या यंत्राचा अंदाज गेल्या सहा वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

"घर पूर्ण पडलेलं. म्हशी दोन, मृत," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. गोठ्यात दोन्ही म्हशी रवंथ करत होत्या.

"आम्ही आधीच लेकीकडं निघून गेलो तर?" हौसाबाईंनी विचारलं.

"जातात सगळे, मावशी. मग कुणीतरी धार काढायला परत येतं. यंत्रानं तेही धरलंय."

एवढ्यात हौसाबाईंचे यजमान देवराम हात धुऊन आले. गेली तीस वर्षं गावातल्या प्रत्येक पंचनाम्यावर पंच म्हणून त्यांची सही असायची. त्यांनी सवयीनं पेन उचललं.

कावेरीबाईंनी कागद हळूच बाजूला ओढला. "काका, पंच नंतर साक्षीला हजर लागतो," त्या खाली बघत म्हणाल्या. "सही मावशींची घेते."

देवराम आत गेले, बायकोचा चष्मा घेऊन आले, काचा धोतराच्या सोग्याला पुसल्या आणि पेन तिच्या हातात दिलं.

"इथं कर," ते म्हणाले. "पूर्ण नाव लिही."

हौसाबाई एकेक अक्षर जोडत लिहू लागल्या. गोठ्यातून म्हैस रेकली. देवरामांनी चरवी उचलली आणि ते धार काढायला गेले.